बिनभट्टीचा केक

प्रणिता,

केदारचा फोन आला तेव्हा मी त्याला विचारलं, "कुठला पाय?"

"बाबा, प्रणिता ऑफिसात पडली," एवढंच तो म्हणाला होता. पडली म्हटल्यावर मला सुचला तो पाय. हडपसरच्या तुमच्या त्या काचेच्या इमारतीतल्या गुळगुळीत फरशा आणि तुझी सदाची धावपळ. क्षणभरात मी ठरवूनसुद्धा टाकलं, की दीड महिना प्लॅस्टर असेल, ईराला शाळेच्या बसपर्यंत मी सोडीन, पोळ्यांना बाई लावू. मग केदार म्हणाला, "पाय नाही बाबा. ती गेली."

मी विचारलं, "कुठे गेली?"

एका फोनमध्ये दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही मूर्खासारखे. माझा मुलगा तिकडे उभा होता, त्याची बायको समोर पांढऱ्या चादरीखाली होती आणि त्याचा बाप त्याला पत्ता विचारत होता. तो फोन दुपारी पावणेएकला आला. सकाळी आठला तू घरातून निघाली होतीस. निघताना दारातून म्हणालीस, "बाबा, डब्यात दोन तुकडे ठेवलेत. दोनच. मी मोजलेत." मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. म्हणालो, "बरं, जेलरबाई. आता निघा."

निघा. तुझ्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द हा. थट्टेत बोललेला, रोजच्यासारखा. तो परत घेण्याची काही सोय असेल, तर ती मला कोणी सांगत नाही.

डॉक्टर म्हणाले, डोक्यातली एक रक्तवाहिनी नाजूक असते एखाद्याची, जन्मापासूनच. कुणाला कळतही नाही. मीटिंगमधून उठलीस, पाण्याची बाटली भरायला गेलीस आणि बाटली हातातून सुटली. त्यानंतर वीस मिनिटांत सगळं संपलं होतं. एकोणचाळीस वर्षांची तू. साखर मोजणारी, चार मजले जिन्याने चढणारी, मला रोज पर्वतीच्या पायथ्यापर्यंत हाकलणारी. आणि इथे मी बसलोय, बहात्तराचा, साखरवाला, डाव्या पायाचा अंगठा वाचलेला म्हातारा. या क्रमाला काय म्हणायचं ते मला कळत नाही. आज बारावा दिवस आहे. अजून संध्याकाळी सव्वासहाला मी बिबवेवाडीच्या या गॅलरीत जाऊन उभा राहतो. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते, चार जण उतरतात, बस निघून जाते. मी आणखी थोडा वेळ थांबतो. पाचवा माणूस मागे राहिला असेल, असं काहीतरी डोक्यात असतं.

तू या घरात आलीस तेव्हा माझी नारायण पेठेतली बेकरी चालू होती. यवतमाळहून नोकरीसाठी आलेली मुलगी, केदारने पसंत केलेली. पहिल्यांदा भेटायला आलीस ती घरी नाहीच, सरळ दुकानात. मी पीठ लागलेल्या हातांनी नमस्कार केला. तू इकडेतिकडे न बघता म्हणालीस, "मला भट्टी दाखवता?" तोवर आलेल्या एकाही पाहुण्याने भट्टी बघायला मागितली नव्हती. बिस्किटं मागतात लोक. आत नेलं. तू विचारलंस, "किती तापली हे कशावरून कळतं हो?" मी म्हणालो, "दारात हात धरायचा आणि आकडे मोजायचे. आठाला हात मागे आला तर पाव, बाराला आला तर नानखटाई." तू लगेच हात धरलास. नऊपर्यंत मोजलेस आणि लालबुंद तळवा बघत म्हणालीस, "म्हणजे तुम्हीही टेस्टरच की."

तेव्हा मला टेस्टर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. केदारने नंतर सांगितलं, की दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हीच तुझी नोकरी. मी म्हणालो, पुण्यात त्यासाठी पगार देतात? आमच्याकडे लोक फुकट करतात.

पुढे काय झालं ते तू पाहिलंसच. चौकाचौकात काचेची केकची दुकानं आली. आत गारवा, बाहेर रंगीत पाट्या, खोक्याला रिबीन. आमच्या पिशवीतल्या मावा केकला कोण विचारतो? दुकान बंद करायच्या दिवशी तू रजा घेऊन आलीस. शेवटची नानखटाई काढली, तेव्हा मी कारागिरांना पाठमोरा होतो आणि तू मध्ये अशी उभी राहिलीस, की माझं तोंड कुणाला दिसू नये. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. मी तेव्हा आभार मानले नाहीत, आता मानतो.

घरी बसलेला बेकरीवाला म्हणजे घराला ताप. तू टेबलावर ठेवायचा छोटा ओव्हन घ्यायचा म्हणालीस, तर मी जेवता जेवता ताट सरकवलं. "त्या खोक्याला मी या घरात भट्टी म्हणणार नाही." तू शांतपणे म्हणालीस, "भट्टी नका म्हणू. ओव्हन म्हणा." मी म्हणालो, "मी असेपर्यंत नको." केदार माझ्याकडे बघत राहिला, तू आमटी वाढलीस आणि विषय संपला. म्हणजे मला वाटलं, संपला.

मग माझा अंगठा. चप्पल चावल्याची एवढीशी जखम, महिना झाला तरी ओली. तू मला ओढून डॉक्टरकडे नेलंस, तर रक्तातल्या साखरेचा आकडा बघून त्यांनी चष्मा काढून ठेवला. घरी आल्यावर मी घोषणा केली, की जन्मभर लोकांचं तोंड गोड केलेला माणूस आता कारल्याचा रस पिऊन मरणार नाही. चहातली साखर त्याच संध्याकाळी गेली. आणि शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज यायला लागला.

पहिला पदार्थ मला अजून आठवतो. खजूर, अक्रोड, कोको एकत्र वाटून ताटात थापलेले आणि फ्रीजमध्ये गार केलेले. तू त्याला ब्राउनी म्हणालीस. मी तुकडा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे खायचं आहे की भिंतीला लावायचं आहे? गिलावा बरा झालाय."

तू हसलीस. जोरात हसलीस. "आणखी काय कमी आहे?"

"आणखी? भट्टी कमी आहे."

"भट्टी तुम्हीच नाही म्हणालात बाबा. आता भट्टीशिवायच होणार सगळं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आमटी वाढताना तू विषय संपवला नव्हतास.

त्यानंतर दर शनिवारी काही ना काही. राजगिऱ्याच्या लाह्या कडू चॉकलेटात घोळून वड्या, ईराने दुकानातली चॉकलेटं मागू नयेत म्हणून. भाजलेल्या नाचणीच्या पिठाची, तुपावर दाबून बसवलेली बिस्किटं. आणि तुझा तो चक्क्याचा केक. खाली नाचणी, बदाम आणि खजुराचा थर, वर घोटलेला चक्का. मी प्रत्येकाला नाव ठेवलं. नाचणीच्या बिस्किटाला गोवरी म्हणालो. वड्यांना म्हणालो, दाताच्या डॉक्टरशी भागीदारी आहे का? आपला मोठा वाद खजुरावर. "खजूर म्हणजे काय औषध आहे? तीही साखरच," असं मी एकदा फार जिंकल्यासारखं म्हणालो. तू म्हणालीस, "हो, साखरच. म्हणून तर एवढासा तुकडा. मी तुम्हाला बिनसाखरेचं देते असं कधी म्हणाले? मी मोजून देते." मग तो वाद मी दुसरीकडे नेला. जे आगीतून गेलं नाही त्याला केक म्हणायचं नाही. तू विचारलंस, "मग काय म्हणू?" मी म्हणालो, "थापलेलं." तू चिडलीस की तुझ्या तोंडी घरची भाषा यायची. "काहून असं करता बाबा? खाऊन तर पाहा नं!" ते ऐकण्यासाठीच मी कित्येकदा चिडवलं, हे तुला कळत होतं का? मला आता कशाचीच खात्री वाटत नाही.

सहा महिन्यांनी साखरेचा आकडा खाली आला आणि अंगठा भरला. डॉक्टरांनी विचारलं, "काय केलंत?" तू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होतीस. मी म्हणालो, "रोज चालतो." तू खिडकीबाहेर बघून ओठ दाबलेस. रिक्षात बसल्यावर फक्त एवढंच म्हणालीस, "चालायला कोण लावतं ते तरी सांगायचंत."

आता ईराच्या सातव्या वाढदिवसाबद्दल सांगतो. सांगतो म्हणजे कबूल करतो.

आदल्या दिवसापासून तू चक्का टांगला होतास. आंब्याच्या रसाचा थर दिला होतास, वर बदामाच्या कापांची फुलं. सोसायटीच्या हॉलमध्ये पंधरा-वीस पोरं जमली. आणि मी रिक्षातून उतरलो, हातात खोकं घेऊन. माझ्या जुन्या कारागिराने हडपसरला बेकरी टाकली होती, त्याच्याकडून दोन किलोंचा केक करून आणला होता. गुलाबी क्रीम, वर साखरेचा राजवाडा. मी तो टेबलाच्या मधोमध ठेवला. तुझा केक ठेवायला जागा करावी लागली, ती मी केली नाही. तूच करून घेतलीस, कडेला. पोरं राजवाड्याकडे धावली. ईराने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "काप ना, आजोबांनी आणलाय." मेणबत्त्या तूच पेटवल्यास, माझ्या केकवर. तुझा केक जसाच्या तसा फ्रीजमध्ये परत गेला.

संध्याकाळी भांडी आवरताना तू म्हणालीस, "बाबा, मला आधी सांगितलं असतंत तर मी केलाच नसता." एवढंच. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढचं तुला मी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी तुम्ही तिघं बाहेर गेलात. मी फ्रीज उघडला. खोडी काढायलाच उघडला असं समज, तळ किती कच्चा आहे ते बघायला. उभ्या उभ्याच एक तुकडा कापला. आणि प्रणिता, मी चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस आहे, मला खोटं बोलता येत नाही तोंडात घास असताना. तो केक उत्तम होता. चक्क्याचा आंबटपणा आंब्याला पुढे ढकलत होता, तळात चिमूटभर मीठ होतं, ते शेवटी जिभेवर येत होतं. माझ्या बेकरीतून इतका नेमका पदार्थ कधी निघाला असेल असं मला वाटत नाही. मी चौथा तुकडा खाल्ला तेव्हा भानावर आलो. अर्ध्याहून जास्त गेला होता. उरलेला सुरीने सरळ करून ठेवला, मग तोही खाल्ला.

संध्याकाळी तू फ्रीज उघडलास. "केक कुठे गेला?"

मी म्हणालो, "कामाची बाई घेऊन गेली असेल मुलांसाठी."

रविवारी बाई येत नाही, हे माझ्या लक्षात आलं तोवर वाक्य बोलून झालं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. "बरं," म्हणालीस. त्यानंतर दोन वर्षं मी रोज ते सांगायचं ठरवत होतो. म्हणजे रोज नाही. अधूनमधून. वेळ भरपूर आहे असं वाटायचं. माझ्याकडे नसेल, पण तुझ्याकडे आहे, असं.

सहाव्या दिवशी तुझ्या ऑफिसमधली मंडळी आली. आठ-दहा पोरं-पोरी, गळ्यात ती ओळखपत्रं तशीच. खुर्च्या कमी पडल्या, जमिनीवर बसली. मग तुझ्या हाताखालची ती श्वेता, डोळे सुजलेले, माझ्याकडे बघून म्हणाली, "अंकल, म्हणजे तुम्हीच का ते? फायनल टेस्टिंगवाले बाबा?"

मला अर्थ लागेना. तिने सांगितलं. दर सोमवारी अकरा वाजता तू डबा घेऊन जायचीस. सगळे तुझ्या टेबलाभोवती जमायचे. डबा आधी उघडायचा नाही. आधी तू "बाबांचा रिपोर्ट" सांगायचीस, माझ्या आवाजात, माझ्यासारखी मान वाकडी करून. गोवरी. दाताचा डॉक्टर. थापलेलं. सगळं. शब्द न शब्द.

"आमच्या ग्रुपचं नाव अजून गिलावा आहे," एक मुलगा म्हणाला आणि हसला, आणि हसता हसता त्याने तोंडावर हात धरला.

श्वेता म्हणाली, "मॅडम म्हणायच्या, घरात इतका स्ट्रिक्ट टेस्टर असल्यावर मला अप्रायझलची काय भीती! तुम्ही म्हणाला होतात ना, तळाला चवच नाही म्हणून? पुढच्या सोमवारी मीठ घालून आणलं. म्हणाल्या, खाऊन बघा, म्हातारा बरोबर होता." मग जीभ चावली. "सॉरी अंकल."

मी म्हणालो, "सॉरी कशाला, म्हातारा आहेच." पण प्रणिता, इतकी वर्षं मी समजत होतो, की मी तुला टोमणे मारतोय आणि तू ते झेलतेस. तू ते नेऊन त्यावर काम करत होतीस. मी केलेला प्रत्येक घाव तू नोंद म्हणून घेतलास आणि दुरुस्त करून परत माझ्याच ताटात ठेवलास. की तिथे हसत होतीस आणि इथे दुखत होतं? दोन्ही असेल. मला विचारायचं होतं.

मी श्वेताला विचारलं, "ईराच्या वाढदिवसाचं एक थापलेलं होतं. आंब्याचं. त्याचं काय सांगितलं होतं?"

तिने आठवून पाहिलं. "त्या सोमवारी मॅडम रिकाम्या हातांनी आल्या होत्या. आम्ही ओरडलो. तर म्हणाल्या, या वेळी रिपोर्ट नाही. बाबांना इतका आवडला, की उरलाच नाही."

हॉलमध्ये कुणी पाणी आणत होतं, कुणी चपला शोधत होतं. मी भिंतीकडे बघत होतो. तुला माहीत होतं. सोमवारी सकाळपासून माहीत होतं. आणि दोन वर्षं तू मला माझं ते खोटं सुखाने बाळगू दिलंस, एकदाही हात लावला नाहीस त्याला. तुझ्या जागी मी असतो तर चौकात पाटी लावली असती.

वाटलं, आता धक्क्यांचा कोटा संपला. नाही. परवा तुझी आई माझ्यासमोर बसली होती. यवतमाळहून आल्यापासून ती फारशी बोललेली नाही. बघावं तेव्हा तुझी ओढणी मांडीवर घेऊन घड्या घालते, मोडते, परत घालते. तेराव्याच्या गोडाचा विषय निघाला. केदारची मावशी म्हणाली, श्रीखंड आणू, सगळ्यांना चालतं. कुणीतरी म्हणालं, प्रणिताला काय आवडायचं ते करा. तेव्हा तुझी आई म्हणाली, "तिले तर गोड आवडेच नाही."

मी म्हणालो, "अहो, दर शनिवारी करायची."

"करत असंल जी. खायेच नाही. लहानपणापासून. जिलबी दिली तर भावाच्या ताटात टाके. तिले पोळीसंगं ठेचा पाहिजे, बस्स." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्याकडे खात होती का?"

चौदा वर्षं एका टेबलावर जेवलो आपण. मी डोळे मिटून शनिवार आठवले, एकेक. तू ताट आणतेस. तुकडे करतेस. एक ईराला, एक केदारला, दोन मोजून मला. मग हात पुसत समोर उभी राहतेस आणि माझ्या तोंडाकडे बघतेस. तुझ्या हातात तुकडा असलेला एकही शनिवार मला आठवला नाही. मी चवीचा माणूस, पदार्थात मीठ किती ते सांगणारा, आणि समोर उभी असलेली मुलगी खात नाहीये हे मला चौदा वर्षांत दिसलं नाही. ती चव तुला जिभेवर कळत नव्हती, म्हणून तू माझ्या चेहऱ्यावर वाचत होतीस. आणि मी चेहरा वाकडा करून बसायचो.

मी तुझ्या आईला म्हणालो, "नाही. खात नव्हती." मग मावशीला म्हणालो, "श्रीखंड नको. नुसता चक्का आणा."

"चक्क्याचं काय करणार?"

"केक," मी म्हणालो. तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा गेला, भट्टीत न गेलेल्या वस्तूसाठी. कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं असतं.

आज मी कामाला लागलो, तर केदार म्हणाला, "बाबा, कशाला त्रास करून घेता?" तो सध्या सगळ्यांना हेच म्हणतो, अगदी हळू आवाजात. मी त्याला म्हणालो, "बस इथे आणि बदाम सोल." तो बसला. अर्धा तास बदाम सोलत होता. मधेच सोललेला बदाम हातात धरून थांबला, मग खांदे हलायला लागले. बारा दिवसांत पहिल्यांदाच. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, माझे हात नाचणीच्या पिठाचे होते. पण मी बाजूला सरकून उभा राहिलो, हॉलमधल्या माणसांना तो दिसू नये असा.

आज दुपारची ही गोष्ट. नाचणी मंद आचेवर भाजली, खजूर वाटला, तूप घातलं, मीठ विसरलो नाही. तळ दाबून बसवला. चक्का घोटला. हाताला काम मिळालं तसं डोकं हलकं झालं. चाळीस वर्षांची सवय. कामात बुडालेल्या माणसाला दुसरं काही आठवत नाही. कडेने सुरी फिरवली, पृष्ठभाग सपाट केला, फ्रीजचं दार उघडून ताटाला जागा केली, आणि हॉलकडे तोंड करून मी मोठ्याने हाक मारली, "प्रणिता, किती तास ठेवायचं गं?"

हॉलमध्ये पंधरा माणसं होती. तुझी आई ओढणीची घडी हातात धरून माझ्याकडे बघत होती. मी ताट धरून तसाच उभा. फ्रीजचा दिवा पेटलेला, गार वारा पायावर येतोय. मला ताट खालीही ठेवता येईना आणि आतही.

ईरा कोपऱ्यात तुझ्या खुर्चीवर बसली होती. ती उठली, स्वयंपाकघरात आली, माझ्या हाताखालून वाकून तिने आतला डबा बाजूला केला.

"सहा तास, आजोबा," ती म्हणाली. "आणि मध्ये दार उघडून बघायचं नसतं. तुम्ही बघाल."

मी म्हणालो, नाही बघणार.

एक वाजता ठेवलंय. आता साडेचार झालेत. मी फ्रीजसमोर स्टूल टाकून हे लिहितोय आणि अजून एकदाही दार उघडलेलं नाही.